हिल्मियाच्या सहा गाठी

उना नदी कुलेन वाकुफ गाव सोडून खाली येते तिथे चुनखडीच्या पायऱ्या आहेत. पाणी त्यांच्यावरून उतरता उतरता मध्येच थबकतं, डुलकी लागल्यासारखं, आणि मग पुन्हा चालायला लागतं. तिथेच हिल्मियाचं घर. खाली दगड, वर लाकूड, आणि नदीकडे तोंड करून एक बाक. त्या बाकावर बसून त्याने चाळीस वर्षं मासेमारीचे निमुळते धागे बांधले. बाकीची कामंही केली म्हणा. लाकडाच्या गिरणीत नोकरी केली, घर बांधलं, लढाईत ते जळालं, पुन्हा बांधलं, एक मुलगी वाढवली. पण गावात कुणालाही विचारा हिल्मिया कोण, गिरणीचं नाव कुणी काढणार नाही. धागेवाला म्हणतील आणि बोट नदीकडे करतील.

आता ट्राउट मासा कसा धरतात हे ज्याला ठाऊक नाही त्याला वाटणार, धागा काय, दुकानात मिळतो. मिळतो की. दुकानात पावही मिळतो, म्हणून आईच्या हातचा पाव कुणी टाकून देतं का? गळाच्या काठीला जी जाड दोरी असते ती उनेच्या पाण्यात ट्राउटला दिसली की संपलं. इथलं पाणी इतकं नितळ की मासा तळाशी असला तरी त्याची सावली वेगळी मोजता येते. म्हणून जाड दोरीच्या पुढे हा निमुळता धागा. तंगुसाचे, म्हणजे पारदर्शक नायलॉनचे, सात तुकडे, प्रत्येक मागच्यापेक्षा बारीक, मध्ये सहा गाठी. शेवटचा पदर असा की उन्हात धरला तर चमकतो आणि सावलीत धरला तर नुसता बोटाला कळतो. त्याच्या टोकाला पिसांची खोटी माशी. काठी फिरवली की हाताचा जोर त्या सात तुकड्यांतून झिरपत झिरपत वाटेतच विरून जायला हवा, आणि माशी पाण्यावर अशी यायला हवी की कुणी टाकली असं वाटूच नये.

"जोर माणसापाशी राहिला पाहिजे," हिल्मिया म्हणायचा. "माशापर्यंत नुसती माशी जावी."

हे तो त्याच्या बापाकडून शिकला होता, आणि बापाच्या वेळी तंगूस नव्हताच. घोड्याच्या शेपटीचे केस पिळून धागा करायचे. घोडा पांढरा हवा आणि नरच हवा, घोडीचा केस म्हाताऱ्याला चालत नसे. एकदा बिहाचच्या बाजारात दुसऱ्याच्याच घोड्याची शेपटी उपटताना तो सापडला. घोड्याने एक लाथ दिली, मालकाने दुसरी, आणि तरी म्हातारा मूठभर केस घेऊनच घरी आला. ते केस पिळायला सात वर्षांचा हिल्मिया समोर बसला होता. तेव्हापासून त्याची बोटं कधी स्वस्थ राहिली नाहीत. कॉफी पिताना, मशिदीबाहेर गप्पा मारताना, एवढंच काय, लढाईत खंदकात बसल्या बसल्यासुद्धा अंगठा आणि तर्जनी आपली काहीतरी न दिसणारं पिळत असायची.

त्याची मुलगी मेवलिदा परदेशात, ग्राझ शहरात असते. तिथे दातांच्या कवळ्या करण्याच्या कारखान्यात ती काम करते, गळ्यात छोटं भिंग अडकवून दिवसभर परक्या लोकांचे दात घासत बसते. हात बापाचेच, फक्त पोट वेगळ्या गोष्टीवर भरतं एवढंच. गेल्या सप्टेंबरात तिची आई रेफिया गेली, आणि तेव्हापासून मेवलिदाच्या जिवाला एकच घोर. दर रविवारी फोन करायची आणि दर रविवारी तेच बोलायची.

"बाबो, चला इकडे. खोली तयार आहे. पडदे लावलेत."

"पडद्यांमागे काय आहे?"

"बाग आहे."

"नदी?"

"नदी ट्रामने दहा मिनिटं."

"ट्रामने नदीवर जायचं," हिल्मिया म्हणायचा, "तिकीट काढून. ठेव फोन."

नव्या वर्षाला ती आली तेव्हा प्रकरण हातघाईवर आलं. शेजारच्या शेफिकचं कॉफीचं दुकान आहे, तिथे दहा माणसांसमोर तिने विषय काढला. गावासमोर बोललं तर बाबो नरमतील असा तिचा हिशेब. झालं उलटंच. हिल्मियाने पेला खाली ठेवला, तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ज्या दिवशी माझी गाठ तुटेल त्या दिवशी येईन. शब्द दिला. तोवर कुणी नाव काढू नका." दुकानातली माणसं हसली, कारण हिल्मियाची गाठ तुटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. शेफिक तर म्हणाला, "मेवलिदा, जा बाई, पडदे धुऊन घडी करून ठेव."

ती ग्राझला परतली. जानेवारीत दोन दिवस बाबोंनी फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, फोन लाकडांच्या ढिगात पडला होता. तिला ते पटलं नाही, पण त्यांना खोटं ठरवणार कशावरून? त्यानंतर कारखान्यात कुणाचाही फोन वाजला की तिच्या हातातलं काम थांबायचं.

त्या वर्षी रमजान ऐन मे-जूनमध्ये आला. सतरा-सतरा तासांचे दिवस, आणि एकच दिवस जगणारी किड्यांसारखी पाखरं नदीवर उठायचे तेच दिवस. ट्राउटची चंगळ, गळवाल्यांची धांदल. दूरदूरचे पाहुणे येतात, सगळ्यांना हिल्मियाचे धागे हवे असतात, आणि हिल्मिया पहाटेपासून उपाशी बाकावर बसून बांधत असतो. त्याच दिवसांत एका संध्याकाळी मेवलिदाचा फोन वाजला. बाबो स्वतःहून कधी फोन करत नसत.

"तुटली," ते म्हणाले.

"काय तुटली?"

"गाठ. लिंत्सचा म्हातारा पाहुणा येतो ना दरवर्षी, त्याचा मोठा मासा गेला. चौथ्या गाठीत धागा तुटला. मग मी आणखी दोन ओढून पाहिल्या, त्याही गेल्या." आणि पाठोपाठ म्हणाले, "रोजे संपले की बायरामला ये. गाडी मोठी आण."

ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली. आनंद झाला, खोटं कशाला बोला. नऊ महिने जे मागत होती ते मिळालं होतं. आणि त्याच दमात रडूही आलं, कारण बाबोंचे हात गेले म्हणजे बाबोंचं राहिलं काय?

शेवटच्या रोजाच्या दिवशी दुपार कलताना ती पोचली. नदीवर ऊन पसरलं होतं आणि विलोच्या झाडांचा कापूस हवेत तरंगत होता, पडायची घाई नसल्यासारखा. हिल्मिया बाकावर होता. मांडीवर तंगुसाच्या रिळांची पेटी.

"आलीस. बस. पाणी विचारत नाही, रोजा असेल तुझा."

"आहे."

ती बसली. पाणी पायऱ्या उतरत होतं, थबकत होतं, उतरत होतं. त्या आवाजात ती लहानपणी गणितं करता करता पेंगायची, आताही डोळे जड झाले. अर्धवट झोपेतच ती बापाच्या हातांकडे पाहत होती. दोन तुकड्यांची टोकं एकमेकांवर आली. एका बाजूने पाच वेढे, दुसऱ्या बाजूने पाच वेढे, टोकं मधल्या फटीतून आरपार. एकही बोट थरथरलं नाही. तिच्या कारखान्यातल्या पंचविशीच्या पोरींचे हात यापेक्षा जास्त हलतात.

मग हिल्मियाने गाठ ओठांशी नेली. ओठ फुटले होते, पांढरे पडले होते. गाठ नुसती टेकली आणि त्याने ती आवळली. खरं म्हणजे ओली गाठ आवळताना आवाज होत नाही, ती आपली गुपचूप आत जाऊन बसते. ही करकरली. हिल्मियाने दोन्ही टोकं मुठीत धरून ओढलं आणि तट्कन तुटली.

"बघितलंस?" तो म्हणाला आणि पुढचा तुकडा घेतला.

मेवलिदाने तुटलेली टोकं उचलली. सवयीने गळ्यातच राहिलेलं भिंग डोळ्याला लावलं. टोक पिळवटलेलं होतं आणि गाठीपाशी तंगूस दुधाळ झाला होता. तो दुधाळपणा तिला चांगला ठाऊक होता. कवळी कोरडी घासली, पाणी सोडायला विसरलं, की अशीच ती तापून ढगाळ होते, आणि मग चावताना तडकते. कारखान्यात नव्या पोरींना ती हेच पहिल्या दिवशी दाखवते.

तिची झोप उडाली. हातांना काही झालेलं नव्हतं. तोंड कोरडं होतं, एवढंच. पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही, ओठाला लाळ कुठून येणार? गाठ ओली झालीच नाही, आवळताना भाजली आणि कच्ची राहिली. उद्या बायराम. उद्या बाबो पाणी पिणार, कॉफी पिणार, आणि उद्यापासून एकही गाठ तुटणार नाही.

तिने सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"बाबो," थोड्या वेळाने ती म्हणाली, "उद्या दुपारीच निघू या का? वाटेत गर्दी होते."

"निघू," हिल्मिया म्हणाला. एवढंच.

संध्याकाळी मिनारावरचे दिवे लागले आणि दोघांनी रोजा सोडला. गरम सोमुन पाव, सूप, मग मनसोक्त पाणी. हिल्मिया तीन पेले प्यायला. जेवल्यावर ती त्याला पुन्हा बाकावर जाऊ देणार नव्हती, हातात तंगूस येऊ देणार नव्हती, पण तो नुसताच पाण्याकडे पाहत उभा राहिला. पाखरं उठत होती. नदीतून धूर निघावा तशी हजारोंनी वर येत होती, वर जाऊन खाली उतरत होती, पुन्हा वर. त्यांच्याखाली ट्राउट एक एक करून तोंड वर काढत होते, आणि पाण्यावर गोल उमटत होते, मोठे होत होते, पुसले जात होते.

"यांना तोंड नसतं," हिल्मिया म्हणाला. "ठाऊक आहे तुला? खात नाहीत, पीत नाहीत. एक संध्याकाळ नाचतात आणि जातात."

"मग बरं आहे त्यांचं."

"बरं आहे," तो म्हणाला. "एकटी कुणीच नसतात."

त्या वाक्याने मेवलिदाला आत कुठेतरी टोचलं. तिला वाटलं, बाबोंना नदी सोडवत नाहीये आणि शब्दापायी ते निघालेत. शब्द दिला म्हणून हा माणूस गिरणीत ताप अंगावर घेऊन जायचा. आणि ती काय करतेय? त्याचाच शब्द त्याच्या गळ्याला बांधून त्याला ओढून नेतेय. त्या रात्री तिला धड झोप लागली नाही.

बायरामच्या सकाळी हिल्मिया नमाज पढून आला. कॉफी झाली, शेफिकच्या बायकोने पाठवलेली बकलावा मिठाई झाली. दोघं रेफियाच्या कबरीवर जाऊन आले. तिथे हिल्मिया बराच वेळ हात पसरून उभा राहिला आणि निघताना कबरीवरचं गवत त्याने असं सारखं केलं की जणू उशीच नीट करतोय. घरी येऊन मेवलिदाने सामान गाडीत भरलं. एक बॅग, एक कोट, आईचा फोटो, रिळांची पेटी. पेटी ठेवताना तिचे हात थांबले. ती ठेवलीच जाईना.

ती तशीच पेटी घेऊन बाकाशी आली. हिल्मिया शेवटचा बसून घेत होता.

"बाबो, मला तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही रागवा, मारा, काय वाटेल ते करा."

"बोल."

"तुमच्या हातांना काही झालं नाहीये. गाठी कोरड्या बांधत होता तुम्ही. रोजा होता, तोंडाला लाळ नव्हती. तंगूस भाजत होता. मी काल भिंगातून पाहिलं. काल दुपारीच मला कळलं, आणि मी बोलले नाही." ती एका दमात बोलून गेली आणि मग तिला हुंदका आला. "मला तुम्ही हवे होतात. म्हणून बोलले नाही. आता सांगते. तुमची गाठ तुटलेली नाही, तुमचा शब्द मोकळा आहे. राहा इथे. मी एकटी जाते."

हिल्मियाने बाकावर तिच्यासाठी जागा केली.

"पन्नास वर्षं रोजे धरतोय मी या नदीवर," तो म्हणाला. "गाठ ओली करावी लागते हे मला तू सांगणार, ग्राझहून येऊन?"

मेवलिदाने बाहीने डोळे पुसले.

"रमजानात तुझी आई माझ्याजवळ एक पेला ठेवायची पाण्याचा. आठवतो?"

"तो मांजरासाठी होता ना?"

"मांजरासाठी," हिल्मिया म्हणाला, आणि त्याला हसू आलं. "मांजर मेलं त्याला वीस वर्षं झाली, पेला चालूच होता, आणि तुला मांजरासाठी वाटला. गाठी बुडवायला होता तो. मी कधी मागितला नाही, ती ठेवायची, मी बुडवायचो. यंदा ठेवायला कुणी नव्हतं, आणि माझ्या ध्यानातच आलं नाही. लिंत्सवाल्याचा मासा गेला तेव्हा मला खरंच वाटलं, हात गेले. इफ्तारला पाणी प्यालो, एक गाठ बांधून ओढली. बैल बांधला असता तरी सुटला नसता."

"मग?"

"मग तुला फोन केला आणि सांगितलं, तुटली." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "खोटं नाही बोललो. तुटली होतीच."

"आणि काल? माझ्यासमोर बांधलीत ती?"

"ती तू बघत होतीस म्हणून. म्हटलं तुझी खात्री पटू दे."

मेवलिदा पेटी मांडीवर घेऊन बाकावर बसली. विलोचा कापूस तिच्या केसांत येऊन अडकला आणि तिने तो झटकला नाही.

"जानेवारीत," हिल्मिया म्हणाला, "फोन लाकडांत नव्हता पडला. मी पडलो होतो. लाकडाच्या खोपटापाशी, बर्फावर. उठता येईना. आधी थंडी वाजली, मग वाजेनाशी झाली. बर्फ भुरभुरत होता, नदी ऐकू येत होती, छान वाटत होतं गं, इतकं छान की झोप यायला लागली. शेफिक काड्यापेटी मागायला आला म्हणून उठलो, मग दोन दिवस अंथरुणातच. त्याला म्हटलं कुणाला सांगशील तर बघ." त्याची बोटं मांडीवर काहीतरी पिळत होती. "मला भीती वाटते मेवलिदा. एकट्याला करमत नाही आणि भीती वाटते. तू 'चला' म्हणायचीस आणि माझ्या तोंडातून 'नाही' आधीच बाहेर पडायचं. वर दहा माणसांसमोर बोलून बसलो. आता त्यांना जाऊन काय सांगू, हिल्मियाला घर खायला उठतं म्हणून?"

ती काही बोलणार तेवढ्यात वाटेवर पावलं वाजली. शेफिक होता, आणि त्याच्यामागे दुकानातली चार माणसं, बायरामच्या नव्या कपड्यांत, निरोप द्यायला आलेली. गळाभेटी झाल्या. शेफिकने मेवलिदाच्या हातात वाटेसाठी बकलावाचा डबा दिला, आणि मग तो हटूनच बसला.

"मला हे पटत नाही," तो म्हणाला. "याची गाठ तुटते? आमच्यासमोर कुठे तुटली? आज ईद आहे, पोट भरलेलं आहे. हिल्मिया, बांध एक. आत्ता, इथे. नाही तुटली तर गाडीतलं सामान मी स्वतः उतरवतो."

त्याने मेवलिदाच्या मांडीवरच्या पेटीतून दोन रिळं काढली आणि हिल्मियापुढे धरली. हिल्मियाने रिळांकडे पाहिलं, मग मुलीकडे. सकाळपासून तो पाणी प्यायला होता, दोनदा कॉफी प्यायला होता. गाठ बांधली तर ती तुटणार नाही हे त्या दोघांनाच ठाऊक होतं.

मेवलिदा उठली. तिने शेफिकच्या हातातली रिळं काढून घेतली आणि पेटीत ठेवून झाकण लावलं.

"शेफिक काका, मी काल इथे बसून पाहिलंय. माझ्या डोळ्यांदेखत तुटली." तिचा आवाज फुटला, आणि तो खरोखरच फुटला होता. "गेले बाबोंचे हात. आता गाठ नाही बसत त्यांना. चारचौघांत लाजवू नका, एवढंच मागते."

शेफिकने मान खाली घातली. मागच्या माणसांतला एक जण हळूच 'अल्ला' म्हणाला. चाळीस वर्षं उनेवर ज्या हातांचं नाव होतं ते एका वाक्यात पुसलं गेलं, आणि पुसलं ते पोटच्या पोरीने. हिल्मिया तिच्याकडे पाहत होता. कुणी कधी त्याच्यासाठी एवढं केलं नव्हतं.

मग त्याने दोन्ही हात, त्यातलं एकही बोट थरथरत नव्हतं, कोटाच्या खिशात घातले, आणि ते तसेच लपवून गाडीत जाऊन बसला.